माझ्या बापाचं तात्पर्य

बाबाच्या पुण्यानुमोदनाच्या सकाळी आई चुलीपुढे जाऊन बसली. घरात गॅस आहे, पण जीव थाऱ्यावर नसला की ती चुलीपुढेच बसते. तिथूनच मला म्हणाली, "आजच्या दिवस तरी त्याच्या तोंडाचं कोणी काई काढलं नाई पाहिजे."

"नाई काढणार कोणी," मी म्हटलं.

"मी तुले विचारून नाई राह्यली. सांगून राह्यली."

आमच्यात माणूस गेला की काही दिवसांनी पुण्यानुमोदन असतं. अंगणात मंडप, टेबलावर निळं कापड, त्यावर तसबिरी, बाजूला गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो. मेणबत्त्या लागतात, त्रिशरण-पंचशील होतं, सगळे हात जोडून बसलेले असतात. तिथपर्यंत फार चांगलं वाटतं. मग आदरांजली सुरू होते. "फक्त दोन शब्द बोलतो" म्हणून एकेक जण उठतो, आणि आजपर्यंत दोन शब्दांत कोणाचं भागलेलं मी पाहिलं नाही. हसू नका. मला या प्रथेचा अभिमान आहे. ज्यांच्या आजोबाला चावडीपुढे मान वर करून बोलायची सोय नव्हती, त्यांच्या नातवांनी आपल्या माणसाच्या मरणाला अंगणात माइक लावावा, ही काही लहान गोष्ट नाही.

माझं भांडण फक्त शेवटच्या वाक्याशी आहे. कोणीही बोलो, कोणाहीबद्दल बोलो, शेवटी गाडी तिथंच येऊन थांबते: "तर यांच्या जीवनातून आपण काय बोध घ्यावा?" अरे, परवापर्यंत तो माणूस होता की! लगेच त्याचा धडा करून त्याच्याखाली प्रश्न काय लिहिता?

माझा बाप बोरिंग मिस्त्री होता. आमच्याकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. जिवतीच्या पहाडावरच्या गावोगावच्या बोरिंग दुरुस्त करणं हे त्याचं काम. सोबत दोन गडी, पान्ह्यांची पेटी, साखळी, आणि कमरेला नेहमी ओला असणारा दुपट्टा. बोरिंगचा दांडा दोनदा दाबून तो सांगायचा की खालचं वायसर, म्हणजे रबराचा वॉशर, गेलं आहे, रॉड सुटला आहे, की पाणीच आटलं आहे. पाइपाला कान लावून ऐकायचा. घरी आम्ही चार-चार हाका मारल्या तरी त्याला ऐकू यायचं नाही, पण दोनशे फूट खालचं ऐकू यायचं. आई म्हणायची, "एखाद्या दिवशी मी बोरिंगमध्ये उतरून हाक मारीन, तवा वळून पाह्यशीन."

आणि तो खर्रा खायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला. दिवसाला किती, ते त्यालाही ठाऊक नसेल. मी सातवीत असताना त्याचं तोंड आखडायला लागलं. आधी तिखट सोसेना, मग भाकर चावेना, मग तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. पुढची कितीतरी वर्षं तो तसाच जगला. भात कालवून, मऊ करून, थोडा थोडा आत ढकलायचा आणि दातातल्या दातात बोलायचा. शेवटी गालात गाठ आली. मोठ्या दवाखान्यात नेलं, कापाकापी झाली, आणि मागच्या उन्हाळ्यात तो गेला. खर्ऱ्यानंच गेला. हे मी झाकून ठेवत नाही आणि कोणी झाकावं असंही माझं म्हणणं नाही.

झाकून ठेवण्यासारखं जे आहे, ते माझं आहे. ते आता सांगते.

आठवीत असताना मी तंबाखूविरोधी भाषण केलं होतं. आमच्या सरांनी विषय दिला, भाषण मी स्वतः लिहिलं. सरांनी लिहून दिलं असतं तर आज त्यांच्या नावावर खपवता तरी आलं असतं. पहिलंच वाक्य असं: "माझ्या वडिलांच्या तोंडात दोन बोटांच्या वर काही जात नाही." एवढं म्हणायचं आणि उजव्या हाताची दोन बोटं जोडून वर धरायची. मग तो मिरची कशी खाऊ शकत नाही, जांभई देताना कसा कळवळतो, आईनं एकदा पुरणपोळी केली तेव्हा कसा ताटावरून उठून गेला, सगळं ओळीनं. बायका डोळ्याला पदर लावायच्या. शेवटी आवाज चढवून बोध. पहिला नंबर, आणि माझ्या हातात मावणार नाही एवढी शिल्ड.

सरांना भारी आनंद झाला. ते मला स्कूटरवर बसवून शाळा-शाळांत नेऊ लागले. पोरगी चांगली बोलते, समाजाचं भलं होतंय, काय वाईट? मलाही मजा यायची. बाकी पोरी धुणं-भांडी करत होत्या आणि मी स्कूटरवर बसून गावोगाव टाळ्या घेत होते.

एक दिवस पहाडावरच्या एका शाळेत गेलो. छपरावर भोंगा बांधला होता. मी नेहमीसारखं जोरात भाषण ठोकलं, दोन बोटं वर केली, टाळ्या घेतल्या. घसा सुकला म्हणून पाणी प्यायला शाळेच्या मागे गेले, तर तिथं बोरिंग उघडी पडलेली आणि बाजूला माझा बाप उभा. हात ग्रीसनं काळे. मी त्या गावाला येणार हे त्याला माहीत नव्हतं आणि तो तिथं आहे हे मला माहीत नव्हतं. भोंग्यातलं अक्षर न् अक्षर त्यानं ऐकलं होतं.

माझ्या तोंडून 'बाबा' निघालं आणि ते ऐकतच मागून शाळेतल्या पोरी पाण्याला आल्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं आणि दोन बोटं जोडून दाखवली. त्यानं ते पाहिलं. मग त्यानं दांडा बसवला, चार-सहा वेळा मारला, आधी लाल गढूळ पाणी आलं ते जाऊ दिलं, आणि निवळ आल्यावर मला म्हणाला, "पे."

परतताना मी सरांच्या स्कूटरवर न बसता त्याच्या सायकलवर मागे बसले. उतार संपेपर्यंत तो ब्रेक सांभाळत होता. मग दातातल्या दातात म्हणाला, "आवाज चांगला आहे तुहा. लांबवर येते." थोड्या वेळानं म्हणाला, "माह्यं आणखी बी काही सांगता येते ना वं. एवढंच थोडी आहे."

मी हो म्हटलं. आणि त्यानंतर तेच भाषण आणखी तीन ठिकाणी केलं, कारण जिल्ह्याची स्पर्धा राहिली होती. लाज वाटते का? वाटते. पण लाज वाटून भाषण परत घेता येत नाही.

पुढे मी एसटीत कंडक्टर झाले. माझी ड्यूटी बरेचदा राजुरा-गडचांदूर-जिवती याच रस्त्याला लागते. पहाडावरची माणसं चढली की मला निरखून पाहायची. "तू मिस्त्रीची पोरगी होय ना वं?" मी हो म्हटलं की तिकीट राहायचं बाजूला आणि गोष्ट सुरू व्हायची. मिस्त्रीनं आमच्या बोरिंगवर बसून साऱ्या गावाला कशा शिव्या दिल्या. मिस्त्री आमच्या वरातीत कसा नाचला आणि पेटी तिथंच विसरून गेला. मिस्त्रीच्या ताटातलं मटण कुत्र्यानं कसं पळवलं आणि मिस्त्री पान्हा घेऊन त्याच्या मागं कसा धावला. इतक्या वर्षांत एकानंही त्याच्या तोंडाचं काढलं नाही. एका म्हाताऱ्याजवळ मी स्वतःच विषय काढला, तर तो म्हणाला, "मिस्त्री दातातल्या दातात बोले. राह्यते एखाद्याची बोलाची तऱ्हा." झालं. त्याच्या दृष्टीनं विषय मिटला.

आणि त्या गोष्टींना बोध नसायचा. कारण बोधापर्यंत पोचायच्या आधीच थांबा यायचा. कुत्र्याच्या मागं पान्हा घेऊन धावणारा माझा बाप अर्ध्यात ठेवून बाई पिशव्या गोळा करायची आणि उतरायची. मला पुढचं ऐकायचं असलं की पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागे. बसच्या पाटीवर शेवटच्या गावाचं नाव असतं, ते लागतंच, नाहीतर बसायचं कुठल्या गाडीत? पण गाडीत काय घडलं ते विचारलं, तर पाटी वाचून कोणी सांगत नाही. आठवीतल्या भाषणात मी नुसती पाटी वाचत होते, हे मला त्या बायांनी शिकवलं, आणि शिकवतो आहोत हे त्यांना माहीतसुद्धा नव्हतं.

तर पुण्यानुमोदन. आईचं बोलणं ऐकून मी थेट सूत्रसंचालक भाऊंना गाठलं. ते आमच्या घराच्या मागेच राहतात. गावातला असा एक कार्यक्रम नाही ज्याचा माइक त्यांच्या हातात नसतो. मी म्हटलं, "भाऊ, बाबाच्या आजारावर कोणी बोलू नका. आईनं सांगितलं आहे."

"असं कसं ताई?" ते म्हणाले. "समोर सारी तरणी पोरं बसून राह्यतीन. अर्ध्यांच्या तोंडात खर्रा. समाजाले बोध तं भेटला पाहिजे ना!"

"मंग त्याचा वेगळा कार्यक्रम ठेवा."

"ठेवला होता. कोणी नाई आलं." असं म्हणून त्यांनी मान बाजूला वळवली आणि कुंपणाबाहेर लाल पिचकारी टाकली. बाप्पा!

"आईसाठी तरी," मी म्हटलं.

"पाहतो," ते म्हणाले. पाहतो म्हणजे नाही, हे मी बारा वर्षं बसमध्ये ऐकत आले आहे.

दुपारी मंडप भरला. आई पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, हात मांडीवर ठेवून बसली. वंदना झाली आणि भाषणं सुरू झाली. पहिले वक्ते म्हणाले की दिवंगत मिस्त्री अत्यंत शांत, मितभाषी आणि संयमी होते. शांत? माझा बाप? पान्हा सापडला नाही तर जो तिन्ही गल्ल्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा? मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. पण जाऊ द्या म्हटलं, गोड बोलला, आई थोडी हसलीही.

दुसरे उठले आणि त्यांनी सुरुवातच केली, "मी त्यांच्या तोंडाकडे पाह्यलं की माह्या काळजात चर्र होई." आईची मान खाली गेली. तिसऱ्यांनी पंचशीलातलं पाचवं शील घेतलं, नशेपासून दूर राहण्याचं, आणि दहा मिनिटं त्यावरच बोलले. शील खोटं आहे का? नाही. मीही रोज म्हणते. पण ते सांगताना टेबलावरच्या फोटोकडे हात करत होते, दर वाक्याला, आणि मंडपातलं प्रत्येक डोकं त्या हातासोबत फोटोकडे वळत होतं. फोटोत त्यानं तोंड मिटलेलं होतं. आई जमिनीकडेच पाहत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी जागेवरून उठले नाही. पाहुणे आहेत, आपल्यासाठी आले आहेत, एवढं तर सोसावं म्हटलं.

मग आमचे सर उठले. तेच, स्कूटरवाले. आता थकले आहेत, हात थरथरतात. त्यांना आधार देऊन माइकजवळ आणावं लागलं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मला लांबूनच ओळख पटली. माझं अक्षर. वहीचं फाडलेलं पान, कडा पिवळ्या पडलेल्या.

"हे भाषण मी इतके वर्ष जपून ठेवलं," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. खोटं नव्हतं त्यात काही, माणूस मनापासून प्रेमानं बोलत होता. "एका लेकीनं आपल्या बापाले सावध कराले लिहिलं होतं. बापानं ऐकलं नाई. आज हे भाषण खरं ठरलं." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, "माझ्या वडिलांच्या तोंडात दोन बोटांच्या वर काही जात नाही." वाचता वाचता हात वर करून त्यांनी दोन बोटं जोडून दाखवली.

आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत होती, सकाळी सांगितलेलं मी विसरले की काय, अशी.

मी उठले. सरांजवळ गेले, पाया पडले, आणि त्यांच्या हातातून आधी कागद घेतला, मग माइक. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवायला मला माइक लागत नाही. पण माझ्या हातात असला म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातात राहणार नाही, एवढा हिशेब मी केला होता.

"हे भाषण माहं आहे," मी म्हटलं. "मीच लिहिलं, मीच केलं, बक्षीस बी मीच घेतलं. आता मी हे परत घेऊन राह्यली. यातलं एक अक्षर खोटं नाई. पण यात माहा बापच नाई, नुसतं त्याचं तोंड आहे. तुम्ही त्याले शेवटचं भेटाले आले ना? मंग भेटा."

सूत्रसंचालक भाऊ अर्धे उठले.

"पहाडावर एक गाव आहे. साऱ्या गावाले एकच बोरिंग. तिच्या पाइपाचे आटे झिजले आन् खालचा तुकडा सिलिंडरसकट आत पडला. अशी बोरिंग मेली समजतात. नवीनचा कागद करतात आन् वाट पाहतात. माह्या बापाले सांगितलं, मिस्त्री, नुसता पाहून ये आन् लिहून दे. हा तिथी गेला आन् तीन दिवस आलाच नाई.

"गावच्या लोहाराकडून त्यानं बैलबंडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव मांगून घेतली. तिचा तुकडा तापवून आकडा केला, दोराले बांधला आन् आत सोडला. पाइप हाती लागते का पाहाले. लागे ना. पहिला आकडा आतच राह्यला. दुसरा केला, तोही गेला. बाया सकाळपासून पाण्याचे गुंड घेऊन रांगेत. कोणी बोलावलं नव्हतं त्यायले. हा पालथा पडून, पाइपाले कान लावून, दोर हलवून राह्यला. कोणी हू की चू केलं की शिव्या. सरपंचाले बी शिव्या. कोणी म्हणालं ना आता, शांत होते म्हणून!"

मंडपात मागं कोणीतरी फिसकन हसलं. पुण्यानुमोदनात हसल्याबद्दल स्वतःच दचकलं असावं.

"मंग आकडा अडकला. सारे जण दोराले लागले. हळूहळू वर आलं, वर आलं, पाइपाचं टोक डोळ्याले दिसलं, आन् सुटलं. खाली जाताना जो आवाज झाला तो म्हणे साऱ्यायनं ऐकला. तवा एक म्हातारी खदखदून हसली. म्हणे, मिस्त्री, बोरिंगले मासा तं मोठा लागला होता! आन् माहा बाप हसला. ज्याच्या तोंडाबद्दल तुम्ही मघापासून बोलून राह्यले ना, त्याच तोंडानं हसला. दिवसभर हसला. मंग अजून एक आकडा केला आन् काढला पाइप बाहेर. पेटीतले वायसर संपले होते. त्यानं खिशातून एक काढलं, बसवलं, आन् दांडा मारला. पाणी आलं."

एवढं बोलून मी थांबले. तेवढ्यात भाऊंनी संधी साधली. उभ्या उभ्या, माइक नसताना, मोठ्यानं म्हणाले, "तर ताईंच्या या मनोगतातून आपण असा बोध घेऊ, की जिद्द आन् मेहनत असली तं फळ..."

"फळ नाई भेटलं भाऊ," मी म्हटलं. "पुढच्याच उन्हाळ्यात ती बोरिंग आटली. आता तिथी नुसता दांडा उभा आहे. माही गाडी जाते त्या गावावरून."

भाऊ गोंधळले. खरोखर गोंधळले, त्यांची मला दयाच आली. "मंग ताई, यातून घ्याचं काय?"

"काईच नाई घ्याचं! काऊन घ्याचं? खर्रा वाईट आहे, मी बी सांगते, खाऊ नका. त्याची पाटी पानठेल्यावर लावा, शाळेवर लावा, तुमच्या दारावर लावा. माह्या बापाची पाटी करू नका. तो तीन दिवस एका मेलेल्या बोरिंगशी भांडला, येवढीच गोष्ट आहे. तो आहे त्या गोष्टीत. शिकाचं असन तं उद्या शिका, आज त्याले पाहा."

मागं स्वयंपाकाच्या बाजूला कोणाचा तरी झारा कढईला लागला. सर खुर्चीत खाली मान घालून बसले होते. मला एकदम वाटलं की फार झालं. आईला लोकांच्या नजरेपासून वाचवायला निघाले आणि तमाशा करून बसले.

तेव्हा आई बोलली. बसल्या जागेवरून, हळू.

"चार."

"काय आई?"

"तीन दिवस नाई. चार दिवस होता तो तिथी."

मी तिच्याजवळ गेले आणि माइक तिच्यापुढे धरला. तिनं आजपर्यंत कधी माइकवर शब्द काढला नव्हता. मला वाटलं, हात झटकून टाकेल. तिनं तो माझ्या हातातून घेतला, पदर सारखा केला आणि मंडपाकडे वळली.

"चार दिवस," ती म्हणाली. स्वतःचा एवढा मोठा आवाज ऐकून दचकली, पण थांबली नाही. "पहिल्या दिवशी तं त्यानं पान्ह्याले हात बी नाई लावला. झाडाखाली बसून राह्यला, रुसून. गावाच्या लोकायले वाटलं, मिस्त्री विचार करून राह्यला. कशाचा विचार! मी त्याले घरून हाकलून देल्लं होतं."

आता मंडपात उघडंच हसू फुटलं. मी आईकडे पाहतच राहिले. ही गोष्ट मी पंचवीस जणांकडून ऐकली होती, तिच्या तोंडून एकदाही नाही.

"हाकलीन नाई तं काय करीन?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला, जणू तो आत्ता समोरच उभा आहे. "माही नवी चप्पल होती. चांगली जाड रबराची. नागभीडच्या लग्नात एकदा घातली, मंग पेटीत ठेवली. या माणसानं मले न विचारता तिचा तळवा कापला! मी म्हटलं, हे काय केलं? तं म्हणे, वायसर केलं, लय टिकते. मी म्हटलं, निघ. वायसर घेऊन निघ, त्या बोरिंगसंगच संसार कर. आन् गेला ना खरंच! हे आता पोरगी सांगून राह्यली, खिशातून वायसर काढलं म्हणून. ते वायसर नव्हे, माही चप्पल होय ते!"

सर चष्मा काढून डोळे पुसत होते आणि हसत होते. बायका एकमेकींच्या खांद्यावर हात मारत होत्या. आईचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी चालू होतं आणि हसूही थांबत नव्हतं. त्याचं आजारपण सुरू झाल्यापासून मी तिला अशी पाहिली नव्हती.

सूत्रसंचालक भाऊ बिचारे सवयीचे. हसण्याचा भर थोडा ओसरल्याबरोबर ते पुढे झाले, माइकसाठी हात पुढे केला आणि म्हणाले, "तं काकूंच्या या गोड आठवणीतून आपल्याले हेच शिकाले भेटते, की संसारात..."

आईनं माइक छातीशी ओढून धरला.

"थांब बापू," ती म्हणाली. "एका चपलेचं झालं. दुसरीचं सांगाचं राह्यलं आहे अजून."